कातळ इथला, कातळ तिथला

नाशिककराला दगड शिकवावा लागत नाही. काळारामाचं देऊळ काळ्या पाषाणाचं, त्र्यंबकेश्वराचंही काळ्या पाषाणाचं. पांडवलेणी कोरली ती याच कातळात, गोदाकाठच्या पायऱ्या याच दगडाच्या, आणि आजीच्या स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटाही त्यातलाच. पाटा झिजून गुळगुळीत झाला की वाटण सरकायला लागायचं. मग पाथरवटाला हाक. तो अंगणात बैठक मारून पाट्याला टाकी लावून द्यायचा. त्या वेळची एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. दगड काळाकुट्ट, पण टाकीखालून उडणारी पूड मात्र करडी, उन्हात तर जवळजवळ पांढरी. आम्ही ती बोटावर घेऊन एकमेकांच्या कपाळाला भस्म म्हणून फासायचो. ही पूड वाचकांनी जरा बाजूला काढून ठेवावी. पुढे लागणार आहे.

२ मे २०२५ च्या रात्री, अक्षय्य तृतीया होऊन दोन दिवस झाले असताना, त्र्यंबक रस्त्यावर शहराचा उजेड मागे टाकून अंजनेरीच्या बाजूला एका बांधावर बसलो होतो. पंचमीची कोर मावळायची वाट पाहत होतो. ती गेल्यावर दुर्बीण तूळ राशीकडे वळवली. नकाशात खूण केलेल्या जागी एक ठिपका होता. तेवढाच. ना कडं, ना शेपटी, ना रंग. दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो, तर शेजारचे तारे होते तिथेच आणि हा ठिपका पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका सरकलेला. तारे असं एका रात्रीत घर बदलत नाहीत. तो वेस्टा होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला एक थोरला दगड.

त्या रात्री तो आपल्यापासून सुमारे १७ कोटी किलोमीटरवर होता. सूर्याचा उजेड अठरा मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचत होता आणि तिथून उलटून साडेनऊ मिनिटांत अंजनेरीच्या बांधावर येत होता. लाखो लघुग्रहांत डोळ्यांना दुर्बिणीशिवाय दिसू शकतो तो जवळपास हा एकटाच, तेही आकाश खरोखर काळं असेल आणि वेस्टा सूर्याच्या बरोब्बर समोर असेल तेव्हा. अशी वेळ साधारण साडेसोळा महिन्यांनी येते. याच पट्ट्यातला सेरेस त्याच्याहून खूप मोठा, पण तो काळपट आहे. वेस्टा आपल्यावर पडलेल्या उजेडातला चाळीस टक्क्यांहून जास्त परत फेकतो. इतका उजळ दगड! कशाचा बनलाय?

हा प्रश्न विचारायला माणसाला बराच काळ लागला. वेस्टा सापडला २९ मार्च १८०७ रोजी, जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात. शोधणारे हाइनरिश ओल्बर्स पेशाने डॉक्टर. दिवसा रोगी आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण, असा त्यांचा संसार. कक्षेचं गणित मांडलं ते गाउस या गणितज्ञाने, आणि नावही त्यानेच सुचवलं. वेस्टा म्हणजे रोमन लोकांची चुलीची देवता. तेव्हा नाशकात पेशव्यांचा अंमल होता आणि काळारामाचं देऊळ पुरतं जुनंही झालेलं नव्हतं. पुढची दीडशे वर्षं वेस्टा म्हणजे फक्त एक क्रमांक राहिला, लघुग्रह ४.

आकार कळला तेव्हा चकित व्हायची वेळ आली. वेस्टा पूर्ण गोल नाही, खालून चेपलेल्या लिंबासारखा आहे. त्याची सर्वांत लांब बाजू सुमारे ५७३ किलोमीटर. नाशिक आणि नागपूर यांच्यामध्ये दोरी ताणून धरली तर तिची लांबी जवळपास तेवढीच भरेल. म्हणजे विदर्भाच्या मध्यापासून गोदावरीच्या उगमापर्यंतचं सगळं एका दगडात मावतं. हा दगड सव्वापाच तासांत आणि वर काही मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. लघुग्रहांच्या अख्ख्या पट्ट्याचं वजन केलं तर त्यातला सुमारे नऊ टक्के वाटा या एकट्याचा. गुरुत्व मात्र आपल्या चाळिसाव्या हिश्श्याचं. राखणीला बसलेल्या पोराने गोफणीतून ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने सरळ वर सोडलेला दगड आपल्याकडे फार तर चाळीस-पंचेचाळीस मीटर चढेल. वेस्टावर तोच दगड दीड किलोमीटरच्याही वर जाईल आणि खाली यायला इतका वेळ लावेल की पोरगं भाकरी खाऊन हात धुऊन बसेल.

आता ती पूड.

१९७० साली टॉमस मॅकॉर्ड, जॉन अ‍ॅडम्स आणि टॉरन्स जॉन्सन या तिघांनी वेस्टाच्या उजेडाची फोड केली. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातले काही ठरावीक रंग गिळतं आणि बाकीचे परत फेकतं. पायरॉक्सीन नावाचं खनिज डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या रंगांत एका ठरलेल्या जागी मोठा घास घेतं. वेस्टाच्या उजेडात नेमका तोच घास घेतलेला दिसला. पायरॉक्सीन हे बेसाल्टचं मुख्य खनिज. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. आणि बेसाल्ट म्हणजेच आपला काळा पाषाण. काळारामाचा, पांडवलेण्यांचा, आजीच्या पाट्याचा.

मग वेस्टा काळा का नाही? कारण आपल्याला दिसतो तो अखंड कातळ नव्हेच. कोट्यवधी वर्षं लहानमोठे दगड आदळून त्याच्या पृष्ठभागाची पूड झाली आहे, आणि दगडाची पूड दगडाहून उजळ असते. आकाशातली टाकी तिथे अव्याहत चालू आहे. शिवाय वेस्टाच्या बेसाल्टमध्ये पांढऱ्या फेल्डस्पारचं प्रमाण चांगलं आहे. आपल्या दख्खनच्या दगडाला काळा करणारी लोहाची बारीक खनिजं तिथे कमी. दगडाचं कूळ एक, घडण थोडी वेगळी.

पण उत्तराने नवाच पेच उभा केला. बेसाल्ट हवा तर आधी लाव्हा हवा, आणि लाव्हा हवा तर पोटात आग हवी. पृथ्वी मोठी आहे, तिची ऊब लवकर जात नाही. चहा कपात तग धरतो, बशीत ओतला की निवतो. वेस्टा तर बशीतला चहा. एवढ्याशा दगडाच्या पोटात चूल पेटवली कोणी? गाउसने चुलीच्या देवतेचं नाव दिलं तेव्हा त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

सरपणाचा शोध लागला त्यात राजस्थानातल्या एका गावाचा आणि अहमदाबादच्या प्रयोगशाळेचा हात आहे. २० जून १९९६ च्या रात्री पाली जिल्ह्यातल्या पिपलिया कलां इथे अशनी पडला. तो निघाला बेसाल्टसारखा, युक्राइट जातीचा. ही जात वेस्टाचीच मानली जाते. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी त्याच्या फेल्डस्पारच्या कणांत एका प्रकारचं मॅग्नेशियम नेहमीपेक्षा जास्त असल्याचं १९९९ मध्ये दाखवलं. हे जादा मॅग्नेशियम म्हणजे राख. जळून गेलेलं सरपण होतं अ‍ॅल्युमिनियम-२६, एक किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम. सुमारे सात लाख वर्षांत ते निम्मं होतं, पुढच्या सात लाखांत त्याच्या निम्मं, आणि विघटन होताना उष्णता सोडतं. सूर्यमाला घडत होती तेव्हा धुळीत ते भरपूर होतं, आज औषधालाही उरलेलं नाही. ज्या दगडांनी घाई केली, म्हणजे पहिल्या वीस-तीस लाख वर्षांतच जे मोठे झाले, त्यांच्या पोटात हे सरपण पुरेसं भरलं गेलं. वेस्टा त्या घाईवाल्यांतला. उशिरा जमलेल्यांच्या चुली पेटल्याच नाहीत किंवा नुसत्या कोमट झाल्या.

वितळलेला वेस्टा हळूहळू निवला, तेव्हा जे झालं ते लोणी कढवणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. बेरी तळाला, तूप वर. आधी घट्ट होणारे जड, पायरॉक्सीनचे स्फटिक खाली बसत गेले आणि त्यांचा जाड थर तयार झाला. वर उरला तो पातळ रस, तो पृष्ठभागावर येऊन बेसाल्ट झाला. या खालच्या थरातल्या दगडाला डायोजेनाइट म्हणतात. नाव आलं ते अपोलोनियाच्या डायोजेनिस या ग्रीक तत्त्वज्ञावरून. ताऱ्यांच्या सोबतीने न दिसणारे दगडही आकाशात फिरतात आणि कधी कधी खाली पडतात, असं तो अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून गेला. अगदी मध्यभागी लोखंडाचा गाभा असावा असं वेस्टाला भेट दिलेल्या डॉन यानाच्या मोजणीवरून वाटत होतं, पण २०२५ मध्ये त्याच मोजणीचं गणित नव्याने केल्यावर हा गाभा वाटला होता त्यापेक्षा बराच लहान असेल, कदाचित नसेलही, असं पुढे आलं. शास्त्रज्ञ पुन्हा वाद घालत आहेत. वाचायला मजा येते.

आता आपल्या घरची गोष्ट. नाशिक महसूल विभागाच्या पूर्व टोकाला जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर आहे. जुनं नाव एदलाबाद. नाशकापासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. त्याच्याजवळ मानेगाव. २९ जून १८४३ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, या मानेगावाशी आकाशातून एक दगड पडला. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पुढच्या वर्षी त्याची नोंद छापून आली. फार थोडा ऐवज हाती लागला. त्यातला काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला. तिथे खनिजांचा विभाग सांभाळणाऱ्या नेविल स्टोरी-मॅस्केलिन यांनी १८७० च्या सुमारास त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या लिखाणात गावाचं नाव ‘मानेगॉम’ होऊन बसलंय; साहेबाच्या तोंडी आपली गावं अशीच बसायची. त्यांना दिसलं की हा दगड जवळजवळ सगळाच एका खनिजाचा आहे. ब्रॉन्झाइट, म्हणजे पायरॉक्सीनच.

मॅस्केलिनना हे खनिज बरोबर ओळखता आलं, पण दगडाचं गाव ओळखायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. आज मानेगावचा अशनी डायोजेनाइट म्हणून नोंदला आहे. बेरी! वेस्टाच्या तळघरातला दगड, खानदेशच्या रानात.

पडताना माणसांनी पाहिलेले डायोजेनाइट जगात मोजके आहेत, दोन्ही हातांच्या बोटांहून थोडे जास्त इतकेच. भारतात मानेगावशिवाय दुसरा ठळक म्हणजे बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यात १८५० साली पडलेला शालका. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जॉन्सटाऊनला १९२४ मध्ये पडला तेव्हा जवळच्या चर्चमध्ये अंत्यविधी चालू होता. मानेगावात त्या दिवशी काय चाललं होतं? जूनअखेर म्हणजे पेरणीची धांदल असणार.

दगड वेस्टाचाच कशावरून? मला हा प्रश्न दर व्याख्यानानंतर कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारायलाच हवा. पहिला पुरावा उजेडाचा: प्रयोगशाळेत या अशनींच्या पुडीवर प्रकाश टाकला की रंगांचा घास अगदी वेस्टासारखा निघतो. दुसरा गोत्राचा. ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण सूर्यमालेतल्या प्रत्येक घराण्यात वेगळं. युक्राइट, डायोजेनाइट आणि या दोघांची खिचडी असलेले हॉवर्डाइट, तिघांचं गोत्र एकच निघतं, आणि ते पृथ्वीचं नाही, मंगळाचं नाही. पृथ्वीवर पडताना दिसलेल्या शंभर अशनींत पाच-सहा या घराण्यातले असतात. चंद्र इतका जवळ, पण पडताना दिसलेल्या अशनींत त्याचा दगड नाही. आणि वेस्टाची मात्र रोजचीच उधारी.

तरी एक अडचण होती. बेरी तळाला असते. ती बाहेर आली कशी? त्यासाठी कुणीतरी पातेलंच फोडायला हवं.

ते कुणी फोडलं ते १९९६ मध्ये हबल दुर्बिणीने काढलेल्या चित्रांत पहिल्यांदा दिसलं. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर मोठा खड्डा. नीट पाहायला मग यान पाठवलं. डॉन नावाचं हे यान २७ सप्टेंबर २००७ रोजी निघालं आणि १६ जुलै २०११ रोजी वेस्टाभोवती फिरायला लागलं. त्याचं इंजिन मोठं गमतीदार. झेनॉन वायूचे भारित कण मागे फेकत ते पुढे सरकायचं, आणि त्याचा जोर किती, तर तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या एका पानाच्या भाराएवढा. पण हवा नाही, घर्षण नाही, आणि महिनोन्महिने न थांबता ढकलत राहायचं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसं करत ते पोचलं, वर्षभर राहिलं आणि ५ सप्टेंबर २०१२ ला वेस्टाला सोडून सेरेसकडे निघून गेलं.

डॉनने पाहिलेला तो खड्डा म्हणजे ऱ्हियासिल्व्हिया. रुंदी सुमारे ५०० किलोमीटर, आणि वेस्टाचा सरासरी व्यास ५२५! जणू नारळ आपटला आणि बुडाची करवंटीच उडाली. खड्ड्याच्या मधोमध डोंगर आहे, तळापासून सुमारे २२ किलोमीटर उंच. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. अशा तेरा कळसूबाई एकीवर एक रचाव्या तेव्हा त्या शिखराला हात लागेल. धडक साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीची. तिच्या हादऱ्याने विषुववृत्ताभोवती चऱ्या पडल्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या चरीचं नाव ‘दिवालिया’. ऐकताच कान टवकारतात, पण आपल्या दिवाळीशी तिचा संबंध नाही. रोममधल्या एका प्राचीन सणाचं ते नाव. आणि खड्ड्याच्या तळाशी यानाला काय सापडलं? डायोजेनाइटच्या खुणा. वरचं तूप उधळून गेलेलं, बेरी उघडी पडलेली.

उधळलेले तुकडे वेस्टाच्या आसपास अजून फिरत आहेत. १९९३ मध्ये बिन्झेल आणि शू या दोघांनी वेस्टासारखाच वर्णपट असलेले वीस लहान लघुग्रह शोधले. ते विखुरलेले होते ते वेस्टापासून थेट एका रिकाम्या पट्टीपर्यंत. ही पट्टी सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या अडीचपट दूर आहे आणि तिच्यात दगड टिकत नाही. कारण तिथला दगड सूर्याभोवती बरोबर तीन फेऱ्या मारतो तोवर गुरूची एक फेरी होते. झोपाळ्याला दर खेपेस त्याच क्षणी धक्का देत राहिलं की झोका वाढतच जातो. गुरू त्या दगडाला तसाच झोका देतो. कक्षा लांबट होत होत एक दिवस मंगळाला, मग पृथ्वीला छेद देते. वेस्टा या फाटकाच्या जवळच राहतो, म्हणून त्याचे दगड आपल्याकडे इतके येतात. वाटेवर किती काळ गेला तेही दगड सांगतो: अंतराळातल्या किरणांचा मारा खाऊन त्याच्यात नवे अणू तयार होतात, ते मोजायचे. या घराण्यातल्या बऱ्याच अशनींचा प्रवास दोन ते चार कोटी वर्षांचा निघतो.

मी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलो की नेहमी एकाच विचारात अडकतो. तिथे आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटातली रत्नं मांडली आहेत. हिरवा अपोफिलाइट, गुलाबी स्टिलबाइट, पांढरीशुभ्र स्कोलेसाइटची सुयांची फुलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत ही खनिजं फुलली. वेस्टाचा बेसाल्ट याच्या जवळपास सत्तरपट जुना, साडेचारशे कोटी वर्षांच्याही मागचा. पण त्याच्या पोटात एकही गारगोटी फुललेली नाही. तिथे झिरपायला पावसाळाच नव्हता. लाव्हा थिजला, पाणी आलं नाही, माती झाली नाही. त्या दिवसापासून फक्त टाकी आणि पूड.

मानेगावला पडलेल्या दगडाचे जे तुकडे लंडनला गेले, ते कपाटात कोरडे राहिले. कुणाला न सापडलेले कण असतील, तर त्यांना मात्र खानदेशचे एकशेऐंशीहून जास्त पावसाळे लागले. त्या भागात आता केळीच्या बागा आहेत, आणि बागांखालची काळी माती म्हणजे पावसाने कुजवलेला आपलाच बेसाल्ट.